आमच्या बसायच्या जागा

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

कार्यकर्त्यांनी आम्हाला विषय दिला, 'गिरणगावातील बालपण'. आम्ही म्हटलं, विषय सोपा आहे. म्हाताऱ्या माणसाला जुन्या गोष्टी सांगायला काय लागतं? एक ग्लास पाणी आणि समोर चार माणसं. पण मनात दुसरंही एक आहे, ते शेवटी सांगू. ते ऐकून काही जण रागावतील. रागावले तरी चालेल, घरातलेच आहेत.

आम्ही फणसवाडीत आलो ते १९८४ साली, फोर्टात नोकरी लागल्यावर. इथं आल्यावर पहिल्या दिवशी फणसाचं झाड शोधलं, ते काही दिसलं नाही. मूळचे आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीतले. आज इथं बसलेल्यांपैकी कितीतरी घरं तशीच आलेली आहेत. कोण परळहून, कोण डिलाईल रोडहून, कोण शिवडीहून. म्हणजे अंगावर गिरगावचा पत्ता असला, तरी कानात अजून गिरणीचा भोंगाच आहे.

बालमित्रांसाठी सांगतो. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. इंग्रज सरकारने हे खातं १९२० साली काढलं आणि पुढच्या चार-पाच वर्षांत गिरणी कामगारांसाठी वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथं चाळी उठवल्या. तळमजला आणि वर तीन मजले. एका इमारतीत ऐंशी खोल्या. मधून अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. खोली १६० चौरस फुटांची. त्या १६० फुटांत आमच्या घरी आठ माणसं, शिवाय गावाहून आलेला कोणी ना कोणी पाहुणा. वडील रात्रपाळी करून सकाळी यायचे आणि झोपायचे. मग आई एकच वाक्य बोलायची, "चला रे, भाईर व्हा. त्यांना निजू द्या."

मंडळी, आमचं सगळं बालपण या एका वाक्यात आहे. भाईर व्हा. आम्ही खोलीत वाढलो नाही, खोलीच्या बाहेर वाढलो. तेव्हा आज बोलायचं ते त्या बाहेरच्या जागांबद्दल. आमच्या बसायच्या जागांबद्दल.

पहिली जागा जिन्याची. तळमजल्याच्या जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर आमची टोळी बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया म्हणायच्या, "मेल्यांनो, वाट तरी सोडा." पावसाळ्यात तर ती एकच कोरडी जागा. गोट्या, पत्ते, परीक्षेचा अभ्यास, भांडण, सगळं तिथंच. जिन्यावर एक दिवा होता. घरातला दिवा दहाला बंद व्हायचा, जिन्यावरचा रात्रभर. आमच्यातल्या दोघा-तिघांची मॅट्रिक त्या दिव्याखाली झाली आहे.

दुसरी जागा मैदान. विटीदांडू, लगोरी, क्रिकेट. क्रिकेटचा चेंडू विकत घ्यायला पैसे कुठले? गिरणीतून कुणाच्या तरी खिशातून आलेल्या सुताच्या वेस्टचा गोळा करायचा, वर चिंध्या गुंडाळायच्या आणि सुतळीने आवळायचा. फुटक्या बॉबिनचा भोवराही केलेला आहे. गिरणी वडिलांना पगार द्यायची आणि आम्हाला खेळणी.

तिसरी जागा गिरणीचा दरवाजा. स्प्रिंग मिलचा भोंगा झाला की आम्ही धावायचो. पाळी सुटताना जी माणसं बाहेर पडायची, त्यांच्या केसांवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू बसलेले असायचे. तिशीतला माणूस म्हाताऱ्यासारखा पांढरा दिसायचा. पगाराच्या दिवशी दरवाज्यावर भजीवाला, चप्पलवाला, व्याजाचे पैसे वसूल करणारा पठाण आणि आम्ही पोरं, असे सगळे एकाच माणसाची वाट बघायचो. आम्हाला एक भजीचा पुडा मिळाला तरी दिवाळी.

चौथी जागा आमच्या चाळीतल्या एका आजोबांची. ते बदली कामगार होते. म्हणजे रोज गिरणीच्या दारात उभं राहायचं, मुकादमाने हात केला तर काम, नाहीतर परत. संध्याकाळी ते जोत्यावर पोतं टाकून बसायचे आणि आम्हाला हाक मारायचे. हातात आचार्य अत्र्यांचा 'मराठा' असायचा, नाहीतर 'प्रबुद्ध भारत'चे जपून ठेवलेले जुने अंक. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. "वाच रे," म्हणायचे. आम्ही वाचायचो. अडखळलो की म्हणायचे, "परत वाच, नीट समजलं नाही." आम्हाला तेव्हा वाटायचं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. फार उशिरा कळलं की त्यांना पहिल्यांदाच सगळं समजलेलं असायचं. आज आम्ही चार माणसांत उभं राहून बोलतो, ते त्या पोत्यावर शिकलो.

आता, आठवणी सांगताना माणूस गोड-गोड तेवढंच सांगतो. गिरणगाव म्हणजे एकोपा, भजन, दशावतार, शाहिरी, कबड्डी. हे सगळं खरंच होतं. वामनदादा कर्डकांची गाणी आम्ही मैदानात रात्र-रात्र बसून ऐकली आहेत. पण धम्माच्या घरात उभं राहून अर्धं खरं सांगू नये.

आमचे वडील रिंग खात्यात होते. पगार जास्त मिळायचा तो साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात. एकदा आम्ही विचारलं, "बाबा, तुम्ही साळखात्यात का नाही गेलात?" ते हसले आणि आजोबांची गोष्ट सांगितली. जुन्या काळी धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून बाहेर काढावं लागायचं. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा दुसरा कामगार तोंडाला कसा लावणार? म्हणून आपल्या माणसाला साळखातं बंद. यंत्र विलायतेचं, कापूस शेतकऱ्याचा, घाम सगळ्यांचा, आणि विटाळ मात्र आमचा! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघड मांडला. कामगारांच्या हक्कासाठी बोलता, तर या कामगाराचा हक्क कुठं आहे, असा त्यांचा सवाल होता. आणि तेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात सगळ्या कामगारांच्या बाजूने उभे राहिले. परळच्या कामगार मैदानावर सभा झाली. आमचे आजोबा त्या सभेला गेले होते, हे आमच्या घरी पिढीजात सांगायचं भूषण आहे.

मैदानाचंही तसंच. आमची इमारत बहुतेक बौद्धांची, समोरच्या इमारतीत कोकणातली आणि घाटावरची मराठा घरं. लगोरीला संघ पाडताना कोण कुठल्या इमारतीचा हे कुणी बघत नसे. मग १९७४ साल आलं. जानेवारीत वरळीत दंगल पेटली, तिची झळ नायगावपर्यंत आली. १० जानेवारीला परळमध्ये दलित पँथरच्या मोर्चावर वरून दगड आले आणि भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता बळी पडला. आम्ही तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे. पुढे कितीतरी महिने मैदानाच्या मधोमध कुणी न आखलेली एक रेघ होती. ते त्या बाजूला, आम्ही या बाजूला. एक दिवस त्यांचा चेंडू आमच्या बाजूला आला. आमच्यातल्या एकाने तो उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि परत फेकला. दुसऱ्या दिवसापासून खेळ हळूहळू सुरू झाला. कोणत्याही पुढाऱ्याने तो समेट केला नाही. मैदान होतं म्हणून झाला. मैदानच नसतं तर चेंडू कुठून आला असता?

आणि आणखी एक अर्धं खरं आम्ही इतकी वर्षं सांगत आलो. 'आमच्या बसायच्या जागा' म्हणताना आम्ही पोरांच्या जागा सांगतो. आमच्या ताईने एकदा चांगलंच सुनावलं. म्हणाली, "तुम्हाला जिना होता, मैदान होतं, नाका होता. आम्हाला काय होतं? नळ." खरंच, मुलींना बसायची जागाच नव्हती. उभं राहायची होती, नळाच्या रांगेत. ताई हंडा रांगेत लावायची आणि हंड्याच्या तोंडावर भूगोलाचं पुस्तक ठेवून वाचायची. पाणी आलं की पुस्तक पदरात. ती सातवीतून निघाली आणि आम्ही मॅट्रिक झालो. डोकं तिचं आमच्यापेक्षा चांगलं होतं. फरक होता तो जिन्यावरच्या दिव्याचा.

आता एक जागा राहिली. ती सांगायला जीभ रेटत नाही, पण आज सांगतो.

आमच्या भागात एका मंडळाची तळमजल्यावर खोली होती. बाबासाहेबांचा फोटो, एक बाक, कॅरम, दोन वर्तमानपत्रं. आम्ही कॉलेजच्या वयाची पोरं तिथं बसायचो. आरडाओरडा व्हायचा, हे कबूल. एकदा कॅरमवरून मारामारी झाली. वडीलधाऱ्यांची बैठक बसली आणि ठरलं की पोरं वाया चालली आहेत, खोलीला कुलूप लावा. जयंतीला आणि सभेला तेवढी उघडा. कुलूप लागलं. फोटो आत, आम्ही बाहेर. वडीलधारी मंडळी वाईट नव्हती. त्यांना शिस्त हवी होती.

पण पोरं घरी गेली नाहीत. जाणार कुठं, घरात पाय ठेवायला जागा कुठं होती? ती नाक्यावर गेली. नाक्यावर मटक्याचा आकडा घेणारा बसायचा. त्याची जागा मात्र रात्री बारापर्यंत उघडी होती, आणि तो कुणालाच 'भाईर व्हा' म्हणत नव्हता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. घरोघरी चुली थंडावल्या, बायकांनी मंगळसूत्रं मोडली, भांडी विकली, कितीजण गावी निघून गेले. ज्या पोरांना वडिलांच्या जागेवर गिरणीत लागायचं होतं, त्यांची वाटच बंद झाली. आमच्या जिन्यावरच्या टोळीत आम्ही सातजण होतो. त्यातले दोघे आकडा घ्यायला लागले. एक हातभट्टीच्या नादी लागला. तो टोळीतला सगळ्यात चांगला वाचणारा होता. आजोबा 'मराठा' वाचायला आधी त्यालाच हाक मारायचे. पस्तिशीही गाठली नाही त्याने. त्याच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मंडळाची ती खोली उघडली होती, चटया काढायला.

आम्ही असं म्हणत नाही की कुलपामुळे तो गेला. संपाने गेला, बेकारीने गेला, दारूने गेला. पण मधे एक उघडं दार असतं, तर त्याला थांबायला जागा होती. एवढंच.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या मोकळ्या जमिनीचा एक भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक भाग म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला, अशी वाटणी होती. २००१ मध्ये नियम बदलला आणि सार्वजनिक वाटा पार आटला. फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, कोहिनूर मिलच्या जागी टॉवर उभा राहिला. मॉलमध्येही बसायला बाक आहेत, नाही असं नाही. पण तिथं आपलं पोरगं तासभर नुसतं बसलं, तर सुरक्षारक्षक दोनदा बघून जातो. दादरच्या इंदू मिलची जागा मात्र आपल्या वाट्याला आली, बाबासाहेबांच्या स्मारकासाठी. ११ ऑक्टोबर २०१५ ला तिथं भूमिपूजन झालं. आणि बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उठू लागले. वरळीच्या पहिल्या ५५६ घरांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या, १६० फुटांच्या जागी ५०० फुटांचं घर. आम्हाला आनंद आहे. ज्यांना पॅसेजच्या टोकाला संडासासाठी रांग लावावी लागली नाही, त्यांनीच चाळ जावी म्हणून रडावं, आम्ही रडणार नाही. फक्त एक विचारतो. टॉवरला लिफ्ट आहे, मग जिन्यावर कोण बसणार?

मंडळी, आता मनातलं बोलतो.

गेल्या महिन्यात आपल्या विहारात बैठक झाली. आम्हीही होतो. काही वडीलधाऱ्यांनी सांगितलं की संध्याकाळी पोरं विहाराच्या पायरीवर बसतात, मोबाइलमध्ये डोकं घालतात, मोठ्याने हसतात, वंदनेला मात्र येत नाहीत. तेव्हा पायरीला लोखंडी जाळीचं दार लावावं आणि सातनंतर कुलूप घालावं. बैठकीत आम्ही गप्प बसलो. घरी गेल्यावर झोप लागली नाही. कारण हे वाक्य आम्ही आधी ऐकलं होतं. तेव्हा आम्ही पायरीवर होतो, आता खुर्चीवर आहोत.

आपल्या या वाडीपासून चर्नी रोड स्टेशनजवळची बाग चालत पंधरा मिनिटांवर आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा पुस्तक घेऊन बसायचा. परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहणारा. त्या खोलीत अभ्यासाला जागा अशी, की वडील सुभेदार रामजी स्वतः आधी झोपून घ्यायचे आणि पहाटे दोन वाजता मुलाला उठवून आपली जागा त्याला द्यायचे. तो मुलगा दुपारी बागेत वाचायचा. विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर त्याच बागेत यायचे. त्यांनी त्या मुलाला हाकललं नाही, तू कोण, इथं का बसतोस म्हणून दरडावलं नाही. जवळ बसले, काय वाचतोस विचारलं, पुस्तकं दिली. पुढे त्या मुलाच्या सत्काराच्या सभेत आपण लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्याच्या हातात ठेवलं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी स्वतः केळुसकरांच्या त्या भेटीची आठवण नोंदवली आहे.

आता विचार करा. २४ मे १९५६ ला परळच्या नरे पार्कवर बाबासाहेबांनी जाहीर केलं की येत्या ऑक्टोबरात आपण बौद्ध धम्म स्वीकारणार. १४ ऑक्टोबरला नागपूरला ती दीक्षा झाली. आज आपण इथं पंचशील म्हणतो. ती वाट कुठून कुठून आली? अनेक ठिकाणांहून आली. पण त्यातलं एक ठिकाण आपल्या शेजारच्या बागेतला एक बाक आहे. त्या बागेच्या माळ्याने जर ठरवलं असतं की ही पोरं नुसती बसतात, फाटक लावून घ्या, तर?

आपल्या पायरीवर बसणाऱ्या पोरांत बाबासाहेब बसले आहेत, असं आम्ही म्हणत नाही. एवढी आशा आम्हालाही परवडत नाही. पण त्यात एखादा आमच्या जिन्यावरच्या त्या मित्रासारखा चांगला वाचणारा असेल. तो अजून पायरीवर आहे, नाक्यावर गेलेला नाही, हेच आपलं नशीब समजा. पोरं विहारात येत नाहीत, ही तक्रार. अहो, पायरीपर्यंत आलेलीच आहेत ना? उरलं काय, दोन हात अंतर! ते आपण चालायचं की त्यांनी?

म्हणून आमची विनंती अशी आहे. जाळीच्या दाराचे पैसे वाचवा. त्या पैशात दोन दिवे आणि चार बाक घ्या. सहा ते दहा विहाराची मागची खोली उघडी ठेवा. दोन वर्तमानपत्रं आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं ठेवा. कॅरमही ठेवा, भांडण झालं तर झालं. मुलींना त्यात अर्धी जागा ठेवा, मागून मिळालेली नव्हे, आधीपासून ठेवलेली. हे आमच्या ताईचं म्हणणं आहे आणि ती पुढच्या रांगेत बसली आहे, म्हणून शब्द मागे घेता येत नाही. आणि रोज एका मोठ्या माणसाने तिथं नुसतं बसावं. भाषण करू नये, उपदेश करू नये. वाटलं तर एखाद्या पोराला पेपर देऊन म्हणावं, "चष्मा विसरलो बाबा, जरा वाचून दाखव."

पोरांनो, तुम्हालाही एक सांगतो. मोठ्याने हसा, पण वंदनेच्या वेळी जरा आवाज आवरा. आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्याने 'परत वाच' म्हटलं, तर तो बहिरा आहे असं समजू नका.

गिरणीत पाळ्या असायच्या, तशा इथंही लावू. कार्यकर्त्यांनी वहीत नावं लिहायला घ्यावीत. सोमवारची पहिली पाळी आमची लिहा. चष्मा घरी विसरून येतो.

जयभीम! नमो बुद्धाय!